टाकी भरली म्हणावं

आमच्या दाजींसारखा माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत दुसरा सापडायचा नाही. आणि चुकून सापडलाच, तर दाजी त्याच्याशी सरळ बोलणार नाहीत, आधी दोघांच्या मधे उभा राहील असा तिसरा शोधतील. थेट बोलणं त्यांना कधी पटलंच नाही. दोन माणसांच्या मधे कुणीतरी असावं, त्यानं इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं नीट पोचवावं, आणि त्यातलं एक अक्षरही स्वतःच्या कानात जाऊ देऊ नये, अशी त्यांची अगदी देवावर असते तशी श्रद्धा आहे. दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे मालक. आमच्या ह्यांचे ते दाजी, म्हणून मीही दाजी म्हणते, आणि आता आमच्या गावातली त्यांच्याच वयाची म्हातारी माणसंही दाजीच म्हणतात. त्यांची सगळी नोकरी सांगलीत टेलिफोनच्या कचेरीत झाली. जुन्या काळी फोन लावायचा तर आधी कचेरीतल्या माणसाला नंबर सांगायला लागायचा, मग तो माणूस भोकात वायर खुपसून लाईन जोडून द्यायचा. तो माणूस म्हणजे दाजी. कितीतरी लग्नं त्यांच्या वायरीतून जमली आणि मोडली, हळदीचे भाव चढले आणि उतरले, कुणाच्या घरी पाळणा हलल्याचं कळलं, कुणाच्या घरी कुणी गेल्याचं. दाजींना यातलं काही म्हणजे काही माहीत नाही. एकदा आमच्या ह्यांनी त्यांना डिवचायला विचारलं, "आवं दाजी, त्या पेठेतल्या व्यापाऱ्याच्या पोरीचं लगीन कशानं मोडलं वो? लाईन तर तुमीच जोडली असणार." दाजी शांतपणे म्हणाले, "जोडली मीच. पर माझं कान तवा तितं नव्हतं." कान कुठं होते, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

त्या नोकरीनं त्यांना एक खोड लावली. काहीही दिलं की "पोचलं का?" असं विचारायचं, आणि समोरचा "पोचलं" म्हणेपर्यंत हलायचं नाही. तुम्हाला चहाचा कप दिला तरी बशी सोडत नाहीत. ज्याला माहीत आहे तो पटकन "पोचलं" म्हणतो आणि चहा पितो. ज्याला माहीत नाही तो बशी ओढतो, दाजीही धरून ठेवतात, आणि चहा दोघांच्याही धोतरा-पँटीवर जातो. त्यांच्या पुतणीला बघायला पाटणहून पाहुणे आले होते, तेव्हा मुलाच्या वडिलांबरोबर त्यांची अशी बशीची ओढाताण झाली की त्या गृहस्थांना वाटलं, ह्यांच्याकडं चहा द्यायची पद्धतच अशी असेल, आणि त्यांनीही जाताना पानाचा विडा देताना तो सोडला नाही. लग्न जमलं. वाईला घाटावर गणपतीच्या पाया पडायला गेले तरी हेच. हात जोडतात, डोळे मिटतात, डोळे उघडतात आणि मूर्तीकडं टक लावून उभे राहतात. मागं रांग वाढत जाते. वन्सं म्हणतात, "चला की आता." दाजी म्हणतात, "थांब जरा. पोचलं का न्हाई कळू दे."

निरोप सांगायचा असेल तर दाजींना तोंडी सांगून चालत नाही. ते कानावर हात ठेवतात. कागदावर लिहायचं, घडी घालायची, वर पिन टोचायची, मग दाजी तो कागद खिशात घालतात आणि जिवापलीकडं जपतात. वन्सं एकदा अशीच चिठ्ठी देऊन त्यांना आमच्याकडं पाठवत्या झाल्या. मी पुरणपोळ्या करत होते. दाजी पाटावर बसले, ताटात दोन पोळ्या पडल्या, वर तुपाची धार पडली, आणि दाजींना खिशातली चिठ्ठी आठवली. "आधी टपाल," म्हणाले. मी चिठ्ठी उघडली. आत लिहिलं होतं, "ह्यांची साखर वाढली आहे. गोड अजिबात देऊ नये. पुरणपोळी तर नकोच." माझ्या तोंडावरूनच त्यांना काहीतरी कळलं असावं. मी पोळ्या उचलल्या आणि भाकरी वाढली. दाजी कितीतरी वेळ भाकरीकडं बघत राहिले, मग ताठ बसून आमच्या ह्यांना म्हणाले, "बघा पावणं. वाटंत वाचली असती तर आज पोळी खाल्ली असती. पर न्हाई वाचली." आणि त्या दिवशी त्यांनी भाकरी अशा रुबाबात खाल्ली की आम्हालाच आमच्या पोळ्या गोड लागेनात.

नोकरी संपल्यावर दाजी साताऱ्याला राहायला आले. एवढा जोडणारा माणूस, आता जोडायचं काय? माणसांच्या खिशात फोन आलेले, त्यांना मधे कुणी नको झालेलं. मग दाजींनी वस्तू जोडायला घेतल्या. कुकरला शिट्ट्या मोजणारं यंत्र, दह्याच्या भांड्यात ताप बघायची कांडी, तुळशीच्या मातीत दुसरी कांडी, दारातल्या पायपुसण्याखाली एक चपटी पट्टी. घरातली एकूण एक वस्तू दाजींना काही ना काही सांगत असते. ते आमच्याकडं जेवायला बसलेले असतात आणि खिशात टुणटुण वाजतं. दाजी फोन बघतात आणि म्हणतात, "दही लागलं." किंवा "पायपुसण्यावर कोणतरी हाय. हलकं हाय. मांजर असंल." वन्सं म्हणतात, माझं सोडून ह्या घरात सगळ्यांचं ऐकतात.

पण ह्या वस्तूंचं एकमेकींशी पटेना. दाजींनी मला समजावून सांगितलं, म्हणजे मी भाकरी थापत होते आणि ते चुलीकडं बघून बोलत होते. बल्ब एका देशाचा, कांडी दुसऱ्या देशाची, मोटरचं बटण सांगलीतल्या एका कारागिरानं बांधलेलं. ह्याचं बोलणं त्याला कळत नाही, त्याचं ह्याला नाही. मग दाजींनी वन्संचा चिवड्याचा मोठा डबा घेतला, त्यात तारा आणि बारकी यंत्रं बसवली आणि त्याचं नाव ठेवलं 'मधला'. सगळ्यांनी मधल्याला सांगायचं, मधल्यानं ज्याला जी भाषा कळते तीत ते पोचवायचं. आणि दाजींचा मधला तो, त्यानं ऐकायचं मात्र काही नाही. "वैनी, परत्येक वस्तू तिचं बोलणं गठुड्यात बांधून देती," दाजी म्हणाले. "गाठ सोडायची कळ ज्याचं गठुडं त्येच्यापाशी. मधला नुसता हमाल. पाठीवर काय हाय, हमालाला काय करायचंय?" मला ते कळलं, आणि बरं वाटलं.

खुणेच्या शब्दांचं तर विचारूच नका. त्यांच्या फाटकाला, फोनला, डब्याला, सगळ्याला शब्द लागतो, आणि दर अमावास्येला ते तो बदलतात. एकदा लोणंदच्या बाजारातून बसमधून येताना त्यांनी नवा शब्द ठरवला, फोनवरून फाटकाला कळवला, आणि घरी पोचेपर्यंत विसरले. फोनही बंद पडलेला. आत वन्सं कडीवर हात ठेवून उभ्या.

"शब्द सांगा."

"अगं, मी हाय."

"मी म्हंजी कोण? तुमीच म्हणला हुता, माझ्या आवाजात कुणी बी बोलंल, शब्दाबिगार उघडू न्हाई."

दाजी भर दुपारी स्वतःच्या पायरीवर दीड तास बसले. शेजारणीनं त्यांना चहा दिला, तिलाही त्यांनी "पोचलं" म्हटलं. शेवटी शब्द आठवला, फाटक उघडलं. वन्संना वाटलं, आता काही खरं नाही. दाजी आत आले, त्यांच्याकडं कौतुकानं बघून म्हणाले, "शाब्बास. पक्की हायस," आणि हातपाय धुवायला गेले.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते आमच्या टाकीचं आहे.

आमचं घर वाईजवळच्या गावात. थोरले दीर आणि आमचे हे, यांची वाटणी झाली तेव्हा घराच्या मधोमध भिंत आली. सगळं सुरळीत वाटलं गेलं, फक्त गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर अडलं. टाकी एक, बोअरची मोटर एक. टाकी बरोबर भिंतीच्या डोक्यावर बसवायची ठरली, पण बसवताना ती चार बोटं त्यांच्या बाजूला सरकली असं ह्यांचं म्हणणं, आणि आमच्या बाजूला सरकली असं थोरल्यांचं. दोघांनी टेप लावून मोजली, दोघांच्या टेपनं वेगळं सांगितलं, आणि त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद. सहा वर्षं झाली. पुरुषांचं बोलणं बंद झालं की बायकांनीही बंद करायचं असतं. हे मला म्हणाले, "पलीकडं बोललीस तर माझ्याशी बोलू नकोस." पलीकडं म्हणजे माझी थोरली जाऊ, आक्का. मी लग्न होऊन आले तेव्हा मला चार माणसांत तोंड उघडता येत नव्हतं. दुकानात काय पाहिजे ते मी आक्कांच्या कानात सांगायची आणि त्या दुकानदाराला सांगायच्या. डॉक्टरांना माझं कुठं दुखतं ते त्याच सांगायच्या, आणि माझ्यापेक्षा बरोबर सांगायच्या. तोंडच गेल्यासारखं झालं माझं.

पण टाकीनं भांडण लावलं तशी थोडी सोयही करून ठेवली होती. वाटणीत मोटरचं बटण आमच्या बाजूला आलं आणि टाकी भरल्यावर जिथून पाणी वाहतं तो पाइप त्यांच्या अंगणात. म्हणजे मोटर चालू-बंद आम्ही करायची, आणि टाकी भरलेली कळायची त्यांना. हाक मारल्याशिवाय गत्यंतर नाही. पण हाक मारायची कुणाला? बोलणं तर बंद. भिंतीला लागून आमची म्हैस बांधलेली असते, चंद्री. आक्का भिंतीपलीकडून तिला हाक मारायच्या, "अगं ए चंद्रे, टाकी भरली म्हणावं तुज्या मालकिणीला!" मी बटण बंद करायची आणि चंद्रीच्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "बंद केली म्हणावं." म्हशीशी बोललेलं बोलण्यात धरत नाहीत. पुरुषांनाही ते मान्य होतं, पाणी त्यांनाही लागतंच की.

हळूहळू चंद्रीवरचं काम वाढलं. "चंद्रे, टाकी भरली म्हणावं, आन् कारल्याची भाजी भिंतीवर ठिवलीय म्हणावं." "चंद्रे, तुजी मालकीण लय दिवस खोकतीया, अडुळसा घ्यावा म्हणावं." "चंद्रे, निळं लुगडं शोभत न्हाई म्हणावं तिला, रंग उडाल्यागत दिसती." आमच्या दोन्ही घरांचं त्या म्हशीला जेवढं माहीत होतं तेवढं तलाठ्यालाही नसेल. ती सगळं ऐकायची, रवंथ करायची आणि गप्प राहायची. माझी आई गेल्याचा निरोप आला त्या दिवशी घरात सुतक, मोटर कुणी लावलीच नव्हती. मी गोठ्यात तोंड लपवून बसले होते. भिंतीपलीकडून आवाज आला, नेहमीसारखा मोठा नाही, "चंद्रे, रडू नगं म्हणावं. मी हाय हितं." रोजच्या हाकांत ती एक हाक खपून गेली. कुणाला काही कळलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर दाजी आले. गच्चीवर गेले, टाकी बघितली, ओरडणं ऐकलं, आणि त्यांना फार वाईट वाटलं. "आजच्या काळात म्हशीकडनं निरोप?" म्हणाले. पुढच्या खेपेला ते पिशवीतून दुसरा एक डबा घेऊनच आले. टाकीत कांडी सोडली, मोटरच्या बटणाला यंत्र लावलं, भिंतीच्या डोक्यावर डबा बसवला. बटण आमच्याकडं म्हणून डब्याची वीज आक्कांच्या घरातून घेतली, म्हणजे कुणी कुणाला बोलायला नको. दोघा भावांची एकच अट होती, आपलं दुसऱ्याला कळता कामा नये. आम्ही किती पाणी वापरतो हे थोरल्यांना कळू नये, त्यांच्याकडं पाहुणे कधी येतात हे आम्हाला. दाजींनी दोघांना वेगळं वेगळं सांगितलं, "तुमचं त्येला कळायचं न्हाई, त्येचं तुमाला न्हाई. मधल्याला बी न्हाई, आन् मला तर न्हाईच न्हाई." डब्यात काही बदल करायचा तर दोघांचे दोन शब्द लागतील अशी सोय केली. शब्द घालायचा सोहळा बघण्यासारखा होता. आमचे हे डोक्यावरून टॉवेल घेऊन फोनवर वाकले, तोपर्यंत थोरले दीर भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मग थोरल्यांनी टॉवेल घेतला आणि ह्यांनी भिंत. मधे दाजी डोळे मिटून, दोन्ही कानांत बोटं घालून. सहा वर्षांत दोघे भाऊ एवढे जवळ प्रथमच उभे राहिले होते.

डबा लय चांगला निघाला. सकाळी दहाला मोटर आपोआप सुरू व्हायची, टाकी भरली की आपोआप बंद. पाण्याचा एक थेंब वाया जात नव्हता. आमचे हे चार लोकांना सांगत सुटले, दाजींनी घरात शांतता आणली. आणि खरंच आणली. पाण्याचं निमित्त गेल्यावर म्हशीशी तरी काय म्हणून बोलायचं? पहिले काही दिवस चंद्री दहा वाजता भिंतीकडं कान करून उभी राहायची, मग तिनंही सोडलं. संक्रांत गेली. आक्कांनी तिळगूळ भिंतीवर ठेवला असेल म्हणून मी तीनदा बघितलं. होळी गेली. पलीकडून भांड्यांचा आवाज यायचा, बादलीचा यायचा, आक्कांचा यायचा नाही. मी इकडं खोकून बघितलं. अडुळसा घ्या म्हणून कुणी सांगितलं नाही.

डबा काढा, असं ह्यांना सांगायची सोय नव्हती. कारण काय सांगणार? दाजींना सांगावं तर त्यांच्यापुढं माझं तोंड उघडत नाही, आणि तोंडी निरोप ते घेतही नाहीत. मी चौथीपर्यंत शिकले आहे, तेवढं पुरे होतं. एका सकाळी दाजी आले असताना मी लिहिलं, "ती. दाजींस शि. सा. न. तुमचा डबा चांगला आहे. पाणी सांडत नाही. पण तो आल्यापासून आक्कांचा आवाज ऐकला नाही. आधी टाकी भरली की त्या हाक मारायच्या. आता सगळं डबाच सांगतो. तरी तो काढून न्यावा. ह्यांना सांगू नये. चुकलं असल्यास क्षमा करावी." कागदाची घडी घातली आणि दाजी कागद असाच घेतात म्हणून वर पिन टोचली. दाजींची पद्धत अशी की आमच्याकडं एक चहा घेतला की पलीकडंही एक घ्यायचा, मापही सारखं. ते पलीकडं जायला चपला घालत होते. मी कागद पुढं केला.

"कुणाला?" त्यांनी विचारलं.

तुम्हालाच, एवढं म्हणायचं होतं. नाही आलं तोंडात. मी नुसती हनुवटी त्यांच्याकडं केली. त्यांच्या मागं भिंत होती आणि भिंतीमागं आक्कांचं घर.

"समजलं," म्हणून दाजींनी कागद खिशात घातला, वरून हात फिरवला आणि निघून गेले. मला वाटलं, वाचतील वाटेत. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "ह्ये घ्या वैनी. टपाल. पोचलं का?" आणि आक्कांचा आवाज, किती महिन्यांनी, "पोचलं."

मी चुलीपुढं जाऊन बसले. आता आक्का ती चिठ्ठी थोरल्यांना दाखवतील, थोरले चार माणसांत बोलतील, ह्यांना कळेल, आणि हेही माझ्याशी बोलायचं बंद करतील. त्या दिवशीच्या भाकरी कशा झाल्या मला आठवत नाही. ह्यांनी काही न बोलता खाल्ल्या, म्हणजे वाईटच झाल्या असणार.

दुसऱ्या दिवशी दहा वाजून गेले तरी मोटर सुरू झाली नाही. "दाजींचा डबा झोपला वाटतं. हातानं लाव," म्हणून हे रानात गेले. मी बटण दाबलं. टाकी भरत आली असेल, भरली असेल, मला काय कळणार? आणि मग पलीकडच्या अंगणात धबाधबा पाणी पडल्याचा आवाज झाला, आणि त्याच्यावरून,

"अगं ए बये, बंद कर की ती मोटर! बुडवतीस का काय आमाला!"

मी बटण बंद केलं. चंद्रीनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "चंद्रे, बंद केली म्हणावं..."

"म्हशीला कशाला मधी घालतीस?" पलीकडून आलं. "मी काय भैरी झालिया? आन् लिवतीस ते बी दाजींना! मला लिवायला काय झालं हुतं?"

एवढ्या मोठ्यानं मी आयुष्यात कधी हसले नव्हते आणि कधी रडलेही नव्हते.

तेव्हापासून रोजचा नेम झाला. पुरुषमाणसं रानात गेली की आक्का गच्चीवर जाऊन डब्याची विजेची पिन काढायच्या, आम्ही तासभर मोटर लावून भिंतीच्या दोन्ही बाजूंनी बोलायचो, आणि ती माणसं यायच्या आत त्या पिन परत लावायच्या. हे आपले गावभर दाजींच्या डब्याचं कौतुक सांगत होते. पण साताऱ्यात दाजींचा जीव खालीवर व्हायला लागला. रोज दहा ते अकरा मधला गप्प. त्यांनी ह्यांना फोन करून विचारलं, वीज जाते का? नाही. उंदीर? नाही. मग दाजींनी ठरवलं की कुणीतरी बाहेरचा मधे घुसतोय, दोन्ही घरांचं चोरून ऐकतोय. ते आले, दोघा भावांना परत टॉवेल घ्यायला लावून शब्द बदलले. मधला दुसऱ्या दिवशीही गप्प. परत आले, डब्याला कुलूप लावलं, वर लाखेचं सील केलं. तरी गप्प. तिसऱ्या खेपेला ते कुणालाही न सांगता गच्चीवर चढले आणि डोक्यावर टॉवेल टाकून टाकीच्या मागं उन्हात दबा धरून बसले. सबंध नोकरीत चोरून न ऐकलेला माणूस, त्याला त्या दिवशी किती यातना झाल्या असतील.

दहा वाजता आक्का वर गेल्या, पिनेला हात घातला.

"वैनी!" दाजी टाकीमागून उठले. "तुमी?"

मी खाली बटणापाशी होते, सगळं ऐकू येत होतं. आक्का घाबरणाऱ्यातल्या नाहीत. म्हणाल्या, "मग काय करू? तुमीच तर चिठ्ठी आणून दिली न्हवं."

"कुठली चिठ्ठी?"

आक्कांनी कनवटीचा कागद काढून पुढं केला. दाजी मागं सरकले. "दुसऱ्याची चिठ्ठी मी वाचत न्हाई."

"तुमचीच हाय, आवं! वर नाव बगा की तुमचं. धाकटीनं तुमाला लिवली, तुमी मला दिली."

दाजींनी कागद हातात घेतला असावा. मग दाजी एक एक शब्द लावून वाचायला लागले, अगदी हळू, "ती... दाजींस..." आणि तिथंच थांबले. पुढचं वाचलं की नाही मला माहीत नाही. आक्का नंतर म्हणाल्या, ते तेवढंच परत परत बघत होते.

खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, डबा बिघडवला म्हणून रागावतील. दाजी उंबऱ्याशी उभे राहिले आणि चुलीकडं न बघता, भिंतीकडं न बघता, प्रथमच माझ्याकडं बघून म्हणाले, "वैनी, एवढी वरसं जोडली, टपाल कदी चुकीच्या घरी गेलं न्हाई. ह्ये एकच गेलं. आन् ते बी माजंच." मला म्हणायचं होतं, चुकीच्या घरी नाही गेलं दाजी. नाही म्हणता आलं. मी त्यांच्यापुढं पाणी ठेवलं.

डबा त्यांनी काढला नाही. पिन काढायची आणि लावायची वेळ तेवढी आक्कांना नीट शिकवली, म्हणजे वायर खराब होणार नाही. दोघा भावांचं अजून बोलणं नाही. त्यांच्या मते सगळं मधलाच सांभाळतो.

मला मात्र ते उंबऱ्यातलं बोलणं राहून राहून आठवायचं. आयुष्यभर हजारो माणसांना जोडून दिलेल्या माणसाला कुणी चिठ्ठी लिहिली ती एक, तीही मी, तीही डबा काढून न्या म्हणून. मी आक्कांना म्हटलं. आक्का म्हणाल्या, "मग लाव की फोन. हात हायत न्हवं तुला?" एका सकाळी मोटर चालू ठेवून आम्ही भिंतीवर आक्कांचा फोन ठेवला आणि साताऱ्याला लावला. आक्का म्हणाल्या, "तू बोल." घंटी वाजली, फोन उचलला गेला.

"बोला, कुणाला जोडू?" दाजींचा आवाज आला. अजून असंच म्हणतात, वन्संनी सवय मोडायचा नाद सोडलाय.

आक्कांनी भिंतीवरून हात घालून माझा खांदा दाबला.

"कुणाला नको," मी म्हणाले. "दाजी, तुमच्याशीच बोलायचंय."

आक्कांनी फोन उचलून बघितला, बंद तर नाही पडला. मग दाजी खाकरले.

"माज्याशी?" म्हणाले. "थांबा हां वैनी. चष्मा लावतो."

आम्ही थांबलो.